अस्पष्ट

खराडीत रात्री अडीच वाजता
माझ्या कानात एक माणूस मत मागतो.
त्याच्या गावात दुपारचे चार, बाहेर बर्फ.
मागं खुर्च्या सरकतात, कुणीतरी खोकतं.
खोकला मी लिहीत नाही, टाळ्या लिहिते.
तसा नियम आहे.

हडपसरच्या इन्स्टिट्यूटमध्ये चाळीसच्या स्पीडला बसले तेव्हा
बोराटे सर म्हणायचे,
पोरी, अर्थाकडं बघू नको, बोटं अडखळतात.
म्हणून तो जेव्हा म्हणाला,
परदेशात गेलेलं एकेक काम मी तुमच्या दारात परत आणीन,
तेव्हा माझी बोटं अडखळली नाहीत.
सतरा सेकंदांत ते वाक्य मी परत पाठवलं.
त्यांच्या दारात.

ही म्हणे प्राथमिक फेरी.
म्हणजे तिकीट कुणाला, ते आधी आपसात भांडून ठरवायचं,
पण उघड्यावर, माइक लावून.
आमच्या फुरसुंगीत हे टपरीमागं उरकतं.

हा लाल टायवाला.
काम बाहेर जाऊ देणार नाही म्हणतो,
हुशार पोरं आत आली तर येऊ द्या, म्हणतो.
दुसरी पूर्वी शाळेत मास्तरीण होती.
तिचं म्हणणं, व्हिसे बंद, आधी आपली पोरं.
बाहेर धाडलेल्या कामाबद्दल तिच्या चौदा फायलींत
एक शब्द नाही. मी शोधून पाहिला.

म्हणजे बाई आली तर विश्राम घरी बसणार,
टायवाला आला तर मी.

विश्राम माझा धाकटा. तिसऱ्यांदा लॉटरीत नाव टाकलंय.
फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत म्हणून
आईनं त्याचे केस ओले करून मागं बसवले,
बालवाडीत बसवायची तसे.
ती विचारते, दोघांचंही राहील असा कुणी उभा नाही का?

आहे की. तिसरा आहे.
सकाळी कारखान्याच्या फाटकावर तो मुठी आवळून बोलतो,
रात्री पंगतीत काटेचमच्यांच्या आवाजात
सकाळचं तेवढं मनावर घेऊ नका, म्हणतो.
दोन्ही फायली माझ्याच वाट्याला आल्या.
हे त्याला ठाऊक आणि फुरसुंगीच्या हरपळेला.
पण गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे,
म्हणून इथंही त्याचं राज्य सांगत नाही.

हल्ली पहिला खर्डा मशीनच काढतं.
मी त्याच्या चुका काढते.
मिनिटाचा भाव निम्मा झाला.
त्यावर तिघांपैकी कुणाचंच धोरण नाही.

आजच्या फायलीत एक बाई उठली.
म्हणाली, माझं नाव,
आणि तेवढ्यात कुणाची तरी खुर्ची ओरडली.
बावीस वर्षं हॉस्पिटलात डॉक्टरांचं बोलणं टाइप केलं, म्हणाली.
शेवटचे दोन महिने, ज्यांच्याकडं माझं काम गेलं
त्यांनाच शिकवलं, फोनवरून.
पोरी चांगल्या होत्या हो.
एकीचं आडनाव मला
शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

मी तेव्हा कामाला लागले नव्हते.
बहुतेक नव्हते.

मशीननं तिचं नाव बेधडक ठोकून दिलं होतं. ते खोडलं.
मागं घेऊन ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं,
डाव्या कानानं, मग नुसत्या उजव्या.
अकरा वेळा. शिफ्ट सुपरवायझर म्हणाला,
हरपळे मॅडम, एका नावावर किती वेळ?
शेवटी चौकटी कंसात लिहिलं:
[अस्पष्ट, एक्केचाळीस मिनिटं सतरा सेकंद].

त्यानंतर टायवाला चार मिनिटं उत्तर देत होता.
शब्द न् शब्द स्वच्छ.